जपायची यादी

जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या मागच्या एका गल्लीत, आप्पांचं माळवदाचं घर होतं. पुढच्या खोलीत एके काळी छपाईचं यंत्र चाले. आप्पा जुळारी होते. शिशाचे खिळे उलटे वाचत, एकेक अक्षर स्टिकमध्ये बसवत त्यांची हयात गेली. पुढे यंत्र भंगारात गेलं आणि खिळेही गेले. तरी छापलेला कागद समोर आला की ओळीखाली बोट धरून तो शेवटपर्यंत वाचायचा, ही सवय काही गेली नाही. त्याच खोलीत आता त्यांची नात मुक्ता संगणकावर काम करायची.

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको इथेच सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून शहरात बियाण्यांच्या कितीतरी लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मुक्ताचं मोठं गिऱ्हाईक अशीच एक छोटी कंपनी होती. कंपनीच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. दर हंगामाला त्यांना प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं माहितीपत्रक लागे. त्यावर वाणाचं नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, त्या जिल्ह्यातले विक्रेते आणि तक्रार कुठे करायची तो पत्ता असे. शेतकरी पावतीबरोबर हे पत्रक जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर त्याच्या हातात तेवढाच कागद असतो.

ही पत्रकं मुक्ता एकेक करून बनवत नसे. त्यासाठी तिने बिल्ड स्क्रिप्ट लिहिली होती, म्हणजे संगणकाला क्रमाने करायच्या कामांची यादी. ती चालवायला तिने ‘मेक’ वापरलं होतं. हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केलं आणि जगभरात ते अजून वापरात आहे. स्क्रिप्टच्या वरच्या भागात काही व्हेरिएबल होती. एकात जिल्ह्यांची नावं, एकात विक्रेत्यांची, एकात लॉट क्रमांक. खाली पत्रकाचा एकच साचा होता. स्क्रिप्ट चालली की साच्यातल्या खुणांच्या जागी व्हेरिएबलमधला मजकूर जाऊन बसे आणि जिल्ह्यागणिक एक पत्रक तयार होई. तीन वर्षं हे बिनतक्रार चाललं होतं.

मग नावं बदलली. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने औरंगाबाद शहराच्या छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद शहराच्या धाराशिव या नावांना मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्यांच्या नावांचीही अधिसूचना निघाली. पुढच्या खरिपाची तयारी सुरू झाली तेव्हा शेठचा फोन आला.

“मुक्ताताई, यंदा पत्रकावर नवी नावं पाहिजेत. जुनं एकही राहता कामा नये.”

“संध्याकाळपर्यंत देते, शेठ.”

तिने संध्याकाळचीही वाट पाहिली नाही. मेकमध्ये ‘सब्स्ट’ नावाची सोय आहे. हा मजकूर दिसेल तिथे तो मजकूर घाल, एवढंच तिला सांगायचं. मुक्ताने दोन ओळी वाढवल्या. औरंगाबाद दिसेल तिथे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद दिसेल तिथे धाराशिव. विक्रेत्यांची यादी आणि साच्यातला मजकूर यांच्यावरूनही तिने हाच हात फिरवला. स्क्रिप्ट चालली, कुठेही चूक दाखवली नाही. मग तिने तयार पत्रकांत ‘औरंगाबाद’ शोधलं. सापडलं नाही. ‘उस्मानाबाद’ शोधलं. तेही सापडलं नाही. तिने जालन्याचं एक पत्रक उघडून बघितलं, ते नीट होतं. फाइली लोखंडी पुलापलीकडच्या, नव्या जालन्यातल्या छापखान्याकडे गेल्या आणि दोन दिवसांनी पहिला गठ्ठा घरी आला.

आप्पांनी गठ्ठा सोडला आणि वरून एकेक पत्रक काढून ओळीखाली बोट धरलं. मुक्ता चहा घेऊन आली, तोवर त्यांनी चार पत्रकं बाजूला काढून ठेवली होती.

“पोरी, हा कुठला जिल्हा म्हणायचा?”

पत्रकावर छापलं होतं : जिल्हा छत्रपती. दुसऱ्यावर : जिल्हा संभाजीनगर. एका जिल्ह्याची दोन पत्रकं झाली होती आणि पूर्ण नाव दोन्हींवर नव्हतं.

मुक्ताला कारण लगेच कळलं. मेकच्या लेखी यादी म्हणजे मोकळ्या जागांनी तोडलेले शब्द. औरंगाबाद हा एक शब्द होता, छत्रपती संभाजीनगर हे दोन. मधली मोकळी जागा बघून मेकने एकाचे दोन जिल्हे केले आणि दोघांचीही पत्रकं मुकाट तयार केली. नियम मोडला नव्हता, म्हणून त्याने तक्रारही केली नव्हती.

“बरं, आणि हे?” आप्पांनी तिसरं पत्रक पुढे केलं. शेठ मक्याचं बियाणं बिहारलाही पाठवत. तिथल्या विक्रेत्याचा पत्ता छापला होता : छत्रपती संभाजीनगर, बिहार.

बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा स्वतंत्र जिल्हा आहे. त्याचं नाव कुणीही बदललेलं नव्हतं. मुक्ताच्या एका ओळीने ते बदलून टाकलं होतं.

चौथं पत्रक धाराशिव जिल्ह्याचं होतं. शेतीबरोबर शेळीपालन करणाऱ्यांसाठी त्यात चाऱ्याच्या पिकाची माहिती होती आणि पहिल्याच वाक्यात ‘धाराशिवी शेळी’ आली होती. उस्मानाबादी ही शेळीची जात देशभर त्याच नावाने नोंदलेली आणि ओळखली जाते. नाव जिल्ह्याचं बदललं होतं, शेळीचं नाही. त्याच पत्रकाच्या तळाशी कंपनीच्या 2018 च्या परवान्यातला मजकूर अवतरणात दिला होता. परवान्यावर जे नाव छापलेलं होतं ते अवतरणातून गेलं होतं. म्हणजे मूळ कागद एक म्हणत होता आणि त्याची नक्कल दुसरंच.

मुक्ता खाली बसली. “आप्पा, मी तपासलं होतं हो. जुनं नाव कुठंच राहिलं नव्हतं.”

“म्हणजे गेलेलं गेलं का, तेवढंच बघितलंस,” आप्पा म्हणाले. “त्याच्या जागी आलं ते धड आलं का? आणि राहायला पाहिजे होतं ते राहिलं का? ते कुणी बघायचं?”

मुक्ता गप्प राहिली. आप्पांचा आवाज मऊ झाला.

“आमच्या वेळी प्रुफात एक शब्द दुरुस्त केला की मालक ती एकच ओळ बघून द्यायचे नाहीत. वरची ओळ आणि खालची ओळ पुन्हा वाचायला लावायचे. एक खिळा काढून दुसरा बसवताना शेजारचा हलतो. दुरुस्ती बरोबर असली तरी शेजार बिघडतो.”

मुक्ताने शेठना फोन केला आणि काय झालं ते काहीही न लपवता सांगितलं. गठ्ठा बाद करून तो आपल्या खर्चाने पुन्हा छापून द्यायचं कबूल केलं. नवी छपाई आठवडाभर थांबवायची परवानगीही मागितली.

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी आले. गठ्ठ्याच्या पैशांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण आठवडा त्यांना मान्य नव्हता.

“ताई, मृग तोंडावर आलाय. चुका सापडल्या ना? त्या दुरुस्त करा आणि द्या पाठवून. आठवडा कशाला?”

“सापडल्या तेवढ्या दुरुस्त होतील, शेठ. न सापडलेल्यांचं काय करू? मला आधी चाचण्या लिहायच्या आहेत.”

“दोन ओळींच्या कामाला चाचण्या?”

मुक्ताने विचारलं, “सोयाबीनचा लॉट बाजारात सोडण्याआधी तुम्ही काय करता?”

“उगवण चाचणी. चारशे दाणे घेतात, शंभराचे चार भाग करून ओल्या कागदात ठेवतात. सत्तर टक्क्यांच्या खाली उगवण आली तर लॉट सोडत नाही.”

“आणि शुद्धतेची चाचणी?”

“नमुना पांढऱ्या पाटावर पसरायचा. चांगला दाणा एका बाजूला, दुसऱ्या पिकाचा दाणा एका बाजूला, तणाचं बी एका बाजूला, काडीकचरा एका बाजूला. मग वजन करायचं.” बोलता बोलता शेठ थांबले.

“पाहिजे ते उगवतं का, ही एक चाचणी,” मुक्ता म्हणाली. “नको ते मिसळलं नाही ना, ही दुसरी. मी पहिलीसुद्धा अर्धीच केली होती. दुसरी केलीच नाही. तुम्ही फक्त उगवण बघून लॉट सोडाल का?”

शेठनी आप्पांकडे बघितलं आणि मान हलवली. “घ्या आठवडा. नीट करून द्या.”

त्या रात्री मुक्ताने एक वही घेतली आणि दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘बदलायचं’, दुसऱ्यावर ‘जपायचं’. पहिला रकाना अर्ध्या तासात भरला. दुसरा भरायला तीन दिवस लागले. आप्पा जुनी पत्रकं काढून बसले आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागले. जिथे नाव असूनही ते बदलता कामा नये अशी प्रत्येक जागा ते सांगत आणि मुक्ता लिहून घेई. बिहारमधलं औरंगाबाद, उस्मानाबादी शेळी, 2018 च्या परवान्यातलं अवतरण, जुन्या अहवालाचं शीर्षक. नाव बदललेलं नव्हतं अशा जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या पत्रकांमधली ओळन् ओळही त्याच रकान्यात गेली. त्यांच्यात ठरवल्याखेरीज एक अक्षरही इकडचं तिकडे व्हायला नको होतं.

मग तिने वहीतल्या प्रत्येक ओळीची एक चाचणी केली. आत काय घातलं आणि बाहेर काय यायला हवं, एवढीच जोडी. सगळ्या जोड्या ओळीने तपासणारी छोटी स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहिली. एक जरी जोडी जुळली नाही तर बिल्ड तिथेच थांबेल आणि एकही पत्रक तयार होणार नाही, अशी व्यवस्था केली. त्यानंतर तिने आपली जुनी, चुकलेली ओळ मुद्दाम पुन्हा लावून चाचण्या चालवल्या. आप्पांनी काढलेली चारही पत्रकं चाचण्यांनी पकडली. चूक असताना ओरडत नाही ती चाचणी भरवशाची नसते, म्हणून आधी हे बघणं जरुरी होतं.

दुरुस्तीला बसल्यावर कळलं की एकेका चुकीमागे आणखी एक दडलेली आहे.

सब्स्ट अक्षरांचा क्रम बघतं, शब्द बघत नाही. म्हणून तिने अख्खा शब्द जुळला तरच बदल करायचं ठरवलं. पायथनमध्ये शब्दाची सीमा ओळखायची खूण असते, ती तिने वापरली. चाचणी पुन्हा अडली. शेळी अजून धाराशिवीच होती. खोलात गेल्यावर कारण मिळालं. पायथनच्या नेहमीच्या शोधात वेलांटी, मात्रा, उकार यांची गणना अक्षरांत होत नाही. त्यामुळे ‘उस्मानाबादी’मधल्या द नंतर शब्द संपला असं त्याला वाटतं आणि दीर्घ वेलांटी बाहेर राहते. इंग्रजी मजकुरावर ही खूण चोख चालते. देवनागरीवर ती चालते असं मुक्ताने गृहीत धरलं असतं तर ते कधी कळलंच नसतं. पुढे मात्रा, वेलांटी किंवा उकार असेल तर शब्द संपला असं मानू नये, हा नियम तिने स्वतः लिहिला.

साच्यातल्या एका वाक्यात ‘औरंगाबादेत’ होतं. जुन्या ओळीने त्याचं ‘छत्रपती संभाजीनगरेत’ केलं होतं, नव्या नियमाने ते तसंच राहिलं. दोन्ही चूक. मराठीत नाव वाक्यात उतरलं की त्याचं रूप बदलतं आणि ते रूप पुढच्या नावाला चालेलच असं नाही. तिने अशी वाक्यंच बदलली. ‘जिल्हा’ लिहून पुढे नाव मूळ रूपात येईल अशी रचना केली.

दुरुस्तीच्या तिसऱ्या दिवशी एक विचित्र ओळ दिसली. साच्यात विक्रेत्याच्या नावाची खूण बदलायला ती ‘सेड’ नावाचं साधन वापरायची. एका दुकानाच्या नावात ‘&’ हे चिन्ह होतं. सेडमध्ये नव्या मजकुरातल्या त्या चिन्हाचा अर्थ ‘जे सापडलं तेच पुन्हा इथे लिही’ असा होतो. त्यामुळे दुकानाच्या नावाच्या मधोमध साच्यातली खूणच छापली जात होती. हे आधीच्या हंगामांतही होत असणार. बॅश या शेलच्या, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या कवचप्रणालीच्या, 5.2 या 2022 मधल्या आवृत्तीत तर व्हेरिएबलमधल्या मजकूरबदलालाही या चिन्हाचा हाच अर्थ मुळातून चालू करून ठेवला आहे. म्हणजे काल नीट चालणारी स्क्रिप्ट, तिच्यात एक अक्षरही न बदलता, संगणक अद्ययावत केल्यावर चुकू शकते. मुक्ताने त्या चिन्हाची एक जोडी केली आणि वहीत टिपलं : चाचणी एकदा करून संपत नाही, दर बिल्डला चालली पाहिजे.

मग ‘बदलायचं’ या रकान्यातला ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द आला. त्याच्या जागी तिला ‘शेतकरी बंधुभगिनींसाठी’ हवं होतं. काही पत्रकांत बदल झाला, काहींत नाही, आणि पडद्यावर शब्द मात्र सगळीकडे सारखाच दिसत होता. युनिकोडमध्ये तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही एक, संगणकाला दोन. काही मजकूर एका कळफलकावर टाइप झालेला होता, काही दुसऱ्या. तिने सगळा मजकूर आधी एकाच तऱ्हेवर आणला, मग बदल केला, आणि दोन्ही तऱ्हांच्या जोड्या चाचणीत ठेवल्या.

शेवटची चाचणी रिकामेपणाची होती. व्हेरिएबलचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर मेक थांबत नाही. असं व्हेरिएबल नाहीच, म्हणून त्याच्या जागी काहीच न घालता ते पुढे जातं. लॉट क्रमांकाची जागा कोरी राहिली असती तर? उगवण झाली नाही तर शेतकऱ्याच्या हातात तेवढाच कागद, आणि तोही अर्धा. मेकला अनोळखी व्हेरिएबल दिसलं तर इशारा द्यायला सांगता येतं, कवचप्रणालीला थांबायलाही सांगता येतं. मुक्ताने दोन्ही चालू केलं आणि कोऱ्या लॉट क्रमांकाला अडवणारी जोडी वाढवली.

रात्री जेवताना ती आप्पांना जगातल्या गोष्टी सांगायची. याहू मेलमध्ये धोकादायक मजकूर अडवायला एक चाळणी होती. पत्रात ‘इव्हॅल’ ही अक्षरं दिसली की ती तिथे ‘रिव्ह्यू’ घालायची. ‘मेडिइव्हल’ म्हणजे मध्ययुगीन. त्या शब्दाच्या पोटातही तीच अक्षरं असल्यामुळे तो ‘मेडिरिव्ह्यू’ झाला. 2002 मध्ये हा प्रकार उघड झाला, तोवर असा शब्द नसतानाही तो कितीतरी वेबपानांवर जाऊन बसला होता. जानेवारी 2015 मध्ये स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टची गोष्ट गाजली. फोल्डरचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल एका परिस्थितीत रिकामं राहायचं आणि एक फोल्डर पुसण्याची आज्ञा संगणकाच्या मुळापासून पुसायला लागायची. लोकांच्या स्वतःच्या फाइली गेल्या.

“त्या लोकांनी तपासलं नसेल का?” आप्पांनी विचारलं.

“तपासलं असेल, आप्पा. व्हेरिएबल भरलेलं असताना तपासलं असेल. रिकामं असताना काय होतं, ते राहिलं असेल.”

आठवडा संपला. दोन्ही रकान्यांतली एकूणएक जोडी जुळली. मुक्ताने जुनी आणि नवी पत्रकं समोरासमोर ठेवून संगणकाकडून फरक काढून घेतला. ‘बदलायचं’ या रकान्यातल्या ओळींखेरीज एकही फरक नव्हता. जालन्याच्या पत्रकात ठरवलेल्या बदलाखेरीज सगळं अक्षरशः तेच होतं. तरी तिने नवा गठ्ठा आधी आप्पांपुढे ठेवला. आप्पांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि परत केला. शेठची गाडी मृगाच्या आधी निघाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. रब्बीच्या हरभरा-गव्हाची पत्रकं निघायची होती आणि मुक्ता एका लग्नासाठी पुण्याला गेलेली. धाकटा भाऊ ओम इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, एवढं मी करतो.

जिल्ह्याचं नाव आता एकाच तक्त्यात असे, ते त्याने बदललं. विक्रेत्यांच्या पत्त्यांत मात्र कितीतरी जणांनी बोलण्यातलं नुसतं ‘नगर’ लिहिलेलं होतं. ओमने एक ओळ वाढवली. नगर दिसेल तिथे अहिल्यानगर. बिल्ड सुरू केलं. दोन सेकंदांत ते थांबलं आणि पडद्यावर आलं : जपायचं, छत्रपती संभाजीनगर, आलं, छत्रपती संभाजीअहिल्यानगर. त्याखाली दुसरी ओळ : एकदा बदललेला मजकूर पुन्हा चालवल्यावर तसाच राहायला हवा, आलं, अहिल्याअहिल्यानगर.

ओमने ओळ सुधारली. अख्खा शब्द ‘नगर’ असेल तरच बदल. बिल्ड पुन्हा थांबलं. परतूरच्या एका विक्रेत्याचा पत्ता ‘नगर परिषदेसमोर’ असा होता, तो ‘अहिल्यानगर परिषदेसमोर’ झाला होता.

ओमने बहिणीला फोन लावला. “ताई, हे काही होऊ देईना गं.”

“काय होऊ देईना ते वाच ना मोठ्यांदा.”

त्याने वाचलं आणि वाचता वाचताच त्याच्या लक्षात आलं. पत्त्याच्या ओळी माणसांनी हाताने लिहिलेल्या होत्या, त्यांत यंत्राने शोधून बदल करायचाच नव्हता. त्याने ती ओळ पुसली. पत्त्यांत नुसतं ‘नगर’ असलेले विक्रेते वेगळे काढले, यादी शेठच्या कचेरीत दिली आणि एकेकाला विचारून पत्ते दुरुस्त करवले. दोन दिवस जास्त लागले. छापखान्यात गेलेल्या पत्रकांत एकही चूक निघाली नाही.

मुक्ता परतल्यावर ओमने तिला विचारलं, “नगर परिषदेची ओळ तू कधी घातली होतीस? तेव्हा तर अहिल्यानगरचा विषयसुद्धा नव्हता.”

“त्या ओळीचं नाव घेऊन नाही घातली,” मुक्ता म्हणाली. “बदलायचं नाही ते सगळंच्या सगळं जपायच्या रकान्यात आहे. उद्या कुठलं नाव बदलेल ते मला कुठं ठाऊक होतं? काय जपायचंय तेवढं ठाऊक होतं.”

आप्पा ऐकत होते. ओमला जवळ बसवून ते म्हणाले, “बदलाची घाई सगळ्यांना असते बाळा, आणि बदल करावेच लागतात. पण ज्याच्या हातून बदल होणार, त्याच्यावर न बदलणाऱ्याचीही जबाबदारी असते. परतूरच्या त्या विक्रेत्याने तुझं काही बिघडवलं नव्हतं. त्याचा पत्ता शाबूत ठेवणं हे तुझं काम होतं.”

ओमने वही उघडली आणि ‘जपायचं’ या रकान्यात आपल्या हाताने पुढची ओळ लिहिली.

बोध : जुनं गेलं एवढ्यावरून काम झालं असं समजू नये. नवं नीट आलं का आणि राहायला हवं होतं ते राहिलं का, हे दोन प्रश्न उरतात. बदलाला हात घालण्याआधी जपायची यादी करावी, आणि ती प्रत्येक बदलाच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून तपासावी.